पाटीवरचा शब्द

मामांनी मला विहिरीत ढकललं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, दोन लेकरांची आई होते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेवर चौथीचा वर्ग सांभाळत होते. ढकललं म्हणजे अगदी खांद्याला हात लावून ढकललं. कमरेला चऱ्हाट बांधलेलं होतं, त्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं, हे सगळं मला मालूम होतं. पण खाली हिरवंगार पाणी दिसायला लागलं की दोराबिरावर कुणाचा विश्वास बसतो! पडता पडता मी जी शिवी दिली, ती माझ्या वर्गातल्या पोरानं दिली असती तर मी त्याला दिवसभर कोपऱ्यात उभं केलं असतं. मामा वरून शांतपणे म्हणाले, "बाई, आदी तोंड मिटा. शिवी वर आल्यावर द्या."

मी मूळची मानवतची. कापसाच्या गाठी बघत वाढले. पाणी म्हणजे नळाला येतं ते, आणि नाही आलं तर टँकरनं येतं ते, एवढीच माझी पाण्याशी ओळख. बदली झाली ती सोनपेठ तालुक्यातल्या एका गंगेकाठच्या गावाला. (गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. गोदावरी हे नाव मी फक्त भूगोल शिकवताना घ्यायची.) हजर झाले त्याच दिवशी एक ठेंगणा, काटक म्हातारा शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. तेच मामा. धोतर गुडघ्याच्या वर, डोळे लालसर, खांद्यावरचं उपरणं ओलं. नवीन बाई कुठली, कुणाची, नवरा काय करतो, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही.

"बाई, पोहता येतं का?"

"नाही."

"मंग लेकरं कशी सांभाळणार? शाळेच्या वाटंवर तीन विहिरी हायत."

मला वाटलं, असेल गावातला एखादा खुळा, चार दिवसांनी विसरेल. कसला विसरतोय! प्रार्थना संपली की हा माणूस दारात. "मंग, कवा शिकायचं?" चार महिने हे चाललं. शेवटी सुट्टी लागायच्या तोंडावर मी कंटाळून हो म्हटलं. भर दुपारी, गावातली पुरुषमाणसं घरात लवंडलेली असताना, आपल्या बायकोला, म्हणजे मामींना, कठड्यावर सोबतीला बसवून मामांनी मला पाणी दाखवलं. आठवड्यानं मला तरंगता आलं. आणखी चार दिवसांनी वर बघितलं तर चऱ्हाट दगडावर गुंडाळून ठेवलेलं आणि मामा मामींशी तुरीच्या डाळीबद्दल बोलत बसलेले. दोर कधी सोडला हे त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नाही, मलाही नाही.

मामा गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. मीही निवृत्त होऊन परभणीत राहायला आले. पण कुठं विहीर दिसली की अजून माझा हात कमरेला जातो.

सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. त्यांचे स्वतःचे नातूदेखील आजोबा म्हणायचे नाहीत, मामाच म्हणायचे. गंगेच्या अंगाला थोडी जमीन आणि त्यात एक मोठी पायऱ्यांची विहीर. शेती मामी आणि मुलगा बघायचे. मामांचं काम एकच : उन्हाळ्यात पोरांना पोहणं शिकवायचं आणि बारा महिने, कुठंही कुणी पाण्यात पडलं की त्याला बाहेर काढायचं. कधी जिवंत, कधी मेलेला. पोलीसही त्यांनाच बोलवायला यायचे. त्यांचा उजवा कान पाणी जाऊन जाऊन कायमचा बसला होता, त्यामुळं त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या अंगाला बसावं लागायचं. मी चुकून उजवीकडं बसले तर ते काही न बोलता उठून माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसायचे.

ज्यांना त्यांनी जिवंत काढलं ती माणसं नारळ-टोपी घेऊन यायची. मामा दारातूनच परत पाठवायचे. "मी न्हाई काढलं तुला. तू हलका व्हतास म्हणून आलास. जा, घरी लेकराला नारळ फोड." पुढं तो माणूस गावात कुठं दिसला तर मामा वाट बदलायचे. मला याचा उलगडा कधी झाला नाही. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याला माझं तोंड बगितलं की पाणी आठवतं. कामून आठवून द्यायचं?"

माणूस कुठलाही असो, मामा त्याला बघून ठरवायचे की हा बुडताना कसा वागेल. हा त्यांचा नाद. आमच्या केंद्रप्रमुखांना बघून म्हणाले, "हे साहेब आदी कागद वर धरतील." गावातल्या एका बोलघेवड्या पुढाऱ्याबद्दल म्हणाले, "ह्यो ओरडणार न्हाई बगा. गुपचूप जाईल. बोलणारी माणसं पाण्यात लय गप ऱ्हातात." मला म्हणाले, "तुमी बुडताना बी समद्यांला रांगेत उभं करशाल." मी चिडले. मामी तोंडाला पदर लावून हसल्या.

पण त्यांच्याशी बोलताना जपून बोलावं लागायचं ते एका शब्दापायी. मी वर्गात पोरांना दटावत होते, "उद्या कुणी शाळा बुडवायची नाही हं." मामा खिडकीत. तास संपल्यावर आत आले.

"बाई, शाळा कशी बुडंल?"

"म्हणजे गैरहजर राहू नका, असं."

"मंग तसं म्हणा. बुडणं लय मोटं काम हाय. ज्यानं बुडताना माणूस बगितला, त्यानं त्यो शबुद असा वापरू न्हाई."

तेव्हापासून मी वर्गात शाळा चुकवू नका असं म्हणायला लागले. गावात मात्र कुणाचे पैसे बुडायचे, कुणाची पेरणी बुडायची, कुणाची मजुरी बुडायची, आणि मामा कानावर हात ठेवायचे. शब्दांचं त्यांना असं वेड होतं. शिकलेले दुसरीपर्यंत, अक्षर अक्षर लावून वाचायचे, पण एखादा शब्द खटकला की तो दात कोरल्यासारखा कोरत बसायचे.

आता मामांच्या एका विद्यार्थ्याचं सांगते.

माझी बदली व्हायच्या कितीतरी आधी एका उन्हाळ्यात मामांनी बौद्धवाड्यातली पाच पोरं आपल्या विहिरीत उतरवली. तोवर ती पोरं गंगेच्या डोहात आपली आपण धडपडायची. मामांना ते बघवेना. झालं! बाकीच्या आळ्यांतल्यांनी आपली पोरं धाडणं बंद केलं. कुणी म्हणालं विहीर बाटली, कुणी म्हणालं म्हाताऱ्याला चळ लागला. (तेव्हा ते म्हातारेही नव्हते.) मामा भांडायला गेले नाहीत. दर उन्हाळ्यात तीस-चाळीस पोरं असायची, त्या उन्हाळ्यात पाच. "मंग काय, येळच येळ," मामा मला सांगायचे, "त्या पाचांला मी समदं शिकवलं. नुसतं पोहणं न्हाई. दुसऱ्याला काढायचं कसं ते बी शिकवलं." पुढच्या उन्हाळ्याला बाकीची पोरं मुकाट्यानं परत आली. पण दुसऱ्याला काढायची विद्या त्या पाचांकडंच राहिली.

ती विद्या मला तोंडपाठ आहे, कारण मामा ती कितीदा तरी सांगायचे. बुडणाऱ्याकडं मागून जायचं, समोरून नाही. हाताला धरायचं नाही, केसांना धरायचं. आणि एवढं करूनही त्यानं मिठी मारलीच तर झटापट करायची नाही, त्याला घेऊन सरळ खाली बुडी मारायची. बुडणारा माणूस वर जायला धडपडतो, खाली न्यायला लागलं की आपोआप सोडतो. तो सुटला की आपण बाजूला निघायचं, दम घ्यायचा. "आपुन सुटलो तर दुसऱ्यांदा जाता येतं," मामा म्हणायचे. "दोघं बी गेलं तर कोण जाणार?"

त्या पाचांतला एक शिकला, परीक्षा देत देत नौदलात अधिकारी झाला. आमच्या जिल्ह्यात समुद्र पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि हा तर समुद्रावर राहायला गेला! गावाला नेव्ही म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं. "पाण्यातला फौजी" म्हणायचे. सुट्टीवर आला की पिशवी आईच्या हातात द्यायचा आणि पाय धुवायच्या आधी मामांच्या विहिरीवर जायचा. मी त्याला दोन-तीनदा भेटले. उंच, लाजरा, बोलण्याआधी घसा साफ करणारा. एकदा माझ्या वर्गातल्या पोरांना सांगत होता की समुद्रात पोहणं विहिरीपेक्षा सोपं, खारं पाणी माणसाला उचलून धरतं. मामा शेजारी बसलेले. मान हलवत म्हणाले, "उचलून धरतं म्हणं. मंग माणसं जातात कशी?" तो हसला. मामांच्या डाव्या अंगाला बसला होता, हे मला चांगलं आठवतं.

तो गेला एका वादळात. मासेमारीची बोट उलटली होती, त्याच्या जहाजाला जवळ असल्यामुळं मदतीला पाठवलं. हा छोट्या बोटीतून गेला, पाण्यात उतरला, खलाशांना काढलं, आणि शेवटच्याला काढताना दोघंही गेले. पेटी आली ती बंद. तिरंग्यात गुंडाळलेली. सगळं गाव, आजूबाजूची गावं, नुसता पूर लोटला होता माणसांचा. मामा गर्दीतून पुढं आले आणि बरोबर आलेल्या अधिकाऱ्याला म्हणाले, "साहेब, एकदा मान बगू द्या त्याची. मिठीचे वळ हायत का बगतो."

अधिकाऱ्याला मराठी येत नव्हतं. मी हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, पेटी उघडता येणार नाही.

"मंग इतकं तरी सांगा," मामा म्हणाले, "त्या शेवटच्यानं मिठी मारल्यावर ह्यानं बुडी मारली का?"

हेही मी हिंदीत सांगितलं. अधिकाऱ्याला काही कळेना. तो माझ्याकडं आणि मामांकडं बघत राहिला आणि मग दुःखानं म्हातारा बरळतोय असं समजून त्यानं मामांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, मी मामांना बाजूला घेऊन गेले. आज वाटतं, तेव्हा तरी मी त्यांचा प्रश्न नीट समजावून सांगायला पाहिजे होता.

त्या उन्हाळ्यात मामांनी विहिरीवर कुणालाच घेतलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात पोरांचे बाप विनवण्या करायला गेले. मामा नाही म्हणाले. मी गेले.

"मामा, असं काय करता? एकाच्या जाण्यानं शंभर पोरांनी न शिकता राहायचं का?"

"बाई, मला विहीर मालूम हाय. इथं चार हात मारले की कठडा. मी त्याला इथली विद्या दिली आन् त्यो ती घेऊन समुद्रात गेला. तिथं ती चालली न्हाई तर? त्यानं बुडी मारली, अन् खाली तळच न्हाई, तर? म्या सांगितलं तसं केलं म्हणून गेला का म्या सांगितलं ते इसरला म्हणून गेला? ह्ये मला कळंस्तवर मी कुणाला शिकवू?"

गावाला वाटलं, म्हातारा हळवा झालाय. मामांना खरोखर एवढंच कळायला पाहिजे होतं, आणि ते सांगू शकणारं माणूस आमच्या मुलखात कुणी नव्हतं. परभणीहून कोणी साहेब आला, कुणाचा मुंबईचा पाहुणा आला, की मामा त्याला गाठून विचारायचे. तीन वर्षं विचारत राहिले.

मग गावानं पुतळा बसवायचं ठरवलं. सरपंच म्हणजे माझाच विद्यार्थी, चौथीत असताना फळा पुसायला पुढं पुढं करायचा, तसाच अजून होता. फाट्यावर, एसटी थांबते तिथं, काळ्या दगडाचा चबुतरा बांधला. त्यावर ब्राँझचा पूर्ण उंचीचा पुतळा, नौदलाच्या पूर्ण पोशाखात, सलाम करणारा. सरपंच माझ्याकडं आला. "बाई, पाटीवरचा मजकूर तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं शुद्ध कोण लिहिणार?"

चढले मी हरभऱ्याच्या झाडावर! दोन दिवस कागद खरडले. शेवटी लिहिलं : 'समुद्रात संकटात सापडलेल्या मच्छीमारांचे प्राण वाचवताना जलसमाधी स्वीकारणाऱ्या आपल्या वीर सुपुत्रास समस्त ग्रामस्थांचे अभिवादन.' जलसमाधी हा शब्द सुचला तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. 'बुडाले' असं लिहायचं टाळलं होतं ना मी! मामांना आवडेल असंच वाटलं होतं.

पुतळ्याच्या आधी पाटी आली. ब्राँझचीच, उठावाची अक्षरं. चबुतऱ्यावर बसवली त्या संध्याकाळी मामा आले. बोट फिरवत फिरवत वाचायला लागले. 'ज-ल-स-मा-धी' पाशी बोट थांबलं.

"ह्ये कुणी लिवलं?"

"मी," मी म्हटलं. कौतुकाची वाट बघत होते मी, खोटं कशाला बोलू.

"समाधी कुणी घेतली?"

"मामा, तो मानाचा शब्द आहे."

"मानाचा हाय ते मला बी कळतं. समाधी म्हंजी आपल्या मर्जीनं बसणं. सुटायची वाट मालूम असताना बसणं. पोरगं मर्जीनं बसलं का तिथं? त्यो वर यायला धडपडला असंल. त्याला सुटता आलं न्हाई, म्हणून गेला. माझ्या शिकवण्यात खोट व्हती म्हणून गेला. अन् तुमी ती खोट मानाच्या शबुदानं झाकायलात."

मला राग आला. इतक्या लोकांसमोर! मी फाडकन बोलले, "सगळंच स्वतःकडं ओढून घेऊ नका मामा. सगळ्या गावाचा मुलगा आहे तो. तुमच्या एकट्याच्या विहिरीतला नाही."

मामांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि उपरणं झटकून निघून गेले. त्यानंतर दीड महिना ते माझ्याशी बोलले नाहीत. शाळेवरून जाताना खिडकीकडं बघायचे नाहीत. मी किती वेळा मनात माफी मागितली, पण तोंडानं मागायला गेले नाही. मास्तरकीचा ताठा, दुसरं काय.

भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवंच सुरू केलं. सकाळी गंगेवरून येताना मूठभर काळा गाळ आणायचा आणि पाटीवरच्या त्या एका शब्दावर लिंपायचा. बाकी एका अक्षराला धक्का नाही. दुपारी ग्रामपंचायतीचा शिपाई बादलीभर पाणी ओतून धुवायचा. सकाळी पुन्हा गाळ. शाळेतली पोरं जाता-येता मोठ्यानं वाचायची, 'प्राण वाचवताना, चिखल, स्वीकारणाऱ्या...' आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सरपंचानं समजावलं, दरडावलं. मामा म्हणाले, "तू चौदा दिवस कमरेला दोर बांधून रडत व्हतास, ते सांगू का?" शेवटी सरपंच त्या नौदलातल्या मुलाच्या आईकडं गेला. मीही बरोबर होते. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. तुमी काय बी लिवलं तरी माझं लेकरू त्याच्यात न्हाई. पर त्याला पाण्यात मामांनी उतरवलं. मामा म्हणतील तसं करा." सरपंचानं नवी पाटी करून घ्यायचं कबूल केलं, 'वीरमरण' असा शब्द घालून. पण अनावरणाची तारीख ठरलेली, पत्रिका वाटलेल्या. त्या दिवसापुरत्या झेंडूच्या माळा त्या शब्दावर सोडायच्या असं ठरलं.

पुतळा लॉरीतून उतरवला तेव्हा मामा सगळ्यांच्या मागं उभे होते. चेहरा हुबेहूब उतरला होता, बायका बघूनच रडायला लागल्या. मामा म्हणाले, "बूट कामून घातलेत? बूट घालून कुणी पाण्यात उतरतं का?" आणि परत गेले.

अनावरणाच्या दिवशी मांडव, कर्णे, पांढऱ्या गणवेशातले नौदलाचे लोक, पुढारी, सगळं होतं. पुतळ्यावरचा पडदा दूर झाला, टाळ्या झाल्या, भाषणं सुरू झाली. मामांना व्यासपीठावर बोलावलं होतं, ते आले नाहीत. चबुतऱ्याच्या मागच्या बाजूला लिंबाखाली बसून होते. मी पोरांना रांगेत धरून उभी होते. तेवढ्यात फाट्यावर एसटी थांबली आणि एक माणूस उतरला. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, हातात कापडी पिशवी. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, साहेबांचा पुतळा हाच ना?" बोलणं आमच्याकडचं नव्हतं, कोकणातलं वाटलं.

"हो. तुम्ही कुठून आलात?"

"रत्नागिरीकडनं. मोबाईलवर बातमी बघितली, निघालो." मग जरा थांबून म्हणाला, "मी त्या बोटीवर होतो. खलाशी. मला साहेबांनी काढलं."

व्यासपीठावर नेलं असतं तर त्याच्या गळ्यात हार पडला असता, माईक हातात दिला असता. मी त्याचा हात धरला आणि त्याला लिंबाखाली नेलं. दीड महिन्यानं मी मामांशी बोलले. डाव्या अंगाला बसून म्हटलं, "मामा, हा त्या बोटीवर होता. तुमचं काय विचारायचं ते ह्याला विचारा."

मामांनी त्याचं नाव विचारलं नाही. त्याला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाले, "तुला कुठून धरलं त्यानं?"

"मागनं. केसांना."

"बाकीच्यांला?"

"सगळ्यांना तसंच. मी चौथा. आपलं लाइफ जॅकेट काढून माझ्या अंगात घातलं त्यांनी." त्या माणसानं मान खाली घातली. "मी नको म्हटलं नाही हो. घातलं तर घालून घेतलं."

"त्यात काय. मंग शेवटचा?"

"शेवटचा आमचा स्वयंपाकी. साहेब मागनंच गेले, पण लाटेनं तो उलटा फिरला. त्यानं मिठी मारली. गळ्याला, दोन्ही हातांनी."

कर्ण्यातून कुणाचं तरी भाषण जोरात चाललं होतं. मामा पुढं वाकले. तीन वर्षं घोकलेला प्रश्न त्यांना धड विचारता येईना.

"मंग... बुडी मारली का रं त्यानं?"

"मारली. त्याला घेऊन खाली गेले. आणि एकटेच वर आले."

"एकटा वर आला?"

"होय. मोकळे झाले होते."

मामांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले. "सुटला व्हता. बाई, ऐकलं का? सुटला व्हता त्यो."

खलाशी खाली बघत सांगत राहिला. "आम्ही दोर टाकला. दोर त्यांच्या हाताशी पडला, एवढा जवळ. आम्ही ओरडलो, साहेब धरा. त्यांनी दोर बघितला. मग वळून पाण्यात बघितलं. आमचा माणूस खाली चालला होता, त्याचा हात दिसत होता. साहेबांनी एकदा दम घेतला आणि परत गेले."

"दुसऱ्यांदा," मामा म्हणाले.

"होय. त्याला घेऊन वर आले. या वेळी साहेबांनीच त्याला मिठी मारली होती, त्याच्यात तर धरायची ताकद नव्हती. आम्ही म्हणालो, साहेब सोडा त्याला, गेला तो. साहेब म्हणाले, 'आहे, आहे.' त्यांचं एवढंच ऐकू आलं. मग जी लाट आली तिच्यात काही दिसलं नाही."

मी रडत होते, खलाशीही रडत होता. मामा रडले नाहीत. पलीकडं भाषण संपलं, टाळ्या झाल्या. मामा उठले, चबुतऱ्याला वळसा घालून पुढं गेले आणि सगळ्या मांडवासमोर पाटीवरच्या झेंडूच्या माळा उचलून बाजूला ठेवल्या. अक्षरांच्या कडांना सुकलेला गाळ राहिला होता. तो ते उपरण्याच्या टोकानं, एकेक अक्षर धरून पुसायला लागले. व्यासपीठावरून सरपंच धावत खाली आला.

"मामा, आता काय झालं? नवी पाटी येती ना पुढच्या आठवड्यात. मी कबूल केलंय."

"नवी नगं. बाईचा शबुद ऱ्हाऊ द्या."

सरपंच माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "मामा, या शब्दापायी तुम्ही माझ्याशी दीड महिना बोलला नाहीत. एवढं भांडलात."

"भांडलो," मामा पुसता पुसता म्हणाले. "तवा मला वाटत व्हतं, त्याला सुटता आलं न्हाई."